थोरलीच्या कळ्या

आमच्या दाशीपिंग गावात मॅग्नोलियाची झाडं कुणी फुलांसाठी लावली नव्हती, हे आधी सांगून टाकतो. हल्ली शहरातून मोबाइल उंचावत येणाऱ्यांना वाटतं की आमचे पूर्वज मोठे रसिक होते. रसिक कसले! त्यांना हवी होती कळी. थंडी सरत आली की बिनपानांच्या फांद्यांच्या टोकांना बोटाच्या पेराएवढ्या, करड्या लवेच्या कळ्या धरतात. त्यांना आम्ही शिनयी म्हणतो. त्या उमलायच्या आत खुडायच्या, उन्हात वाळवायच्या, ढीग करून पोत्याखाली घाम काढायचा, पुन्हा वाळवायच्या आणि औषधाच्या दुकानात आणून घालायच्या. चोंदलेल्या नाकावर त्यासारखा दुसरा उपाय नाही. उमललेलं फूल म्हणजे आमच्याकडे हातचं गेलेलं पीक. एखादं झाड फुललेलं दिसलं की लोक म्हणायचे, या घरात चढणारं कुणी उरलं नाही वाटतं.

ते औषधाचं दुकान माझं. मी जोंग. गावातले लोक मला वैद्यबुवा म्हणतात, पण ती चेष्टा आहे. मी वैद्यबिद्य काही नाही. दुसऱ्यांनी आणलेलं तोलून घ्यायचं, पुड्या बांधायच्या आणि विकायच्या, एवढंच मी चाळीस वर्षं केलं. या चाळीस वर्षांत लेई युनपिंगसारखं चढणारं माणूस मी पाहिलं नाही.

ती डोंगरापलीकडून एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इथं आली. सासूनं तिला पहिल्या हिवाळ्यात झाडावर चढवलं आणि दुसऱ्या हिवाळ्यात सासू स्वतः खाली बसून करंड्या रिकाम्या करू लागली. अनवाणी चढायची. दोरी असायची ती करंडीसाठी, स्वतःसाठी नाही. कळी नखानं अशी खुडायची की डहाळी कधी मोडायची नाही, कारण पुढच्या वर्षीची कळी तिच्याच बाजूला धरते. जिभेनंही तशीच होती. पहिल्यांदा माझ्या दुकानात माल घेऊन आली तेव्हा काट्याकडे बघून म्हणाली, "जोंगदादा, तुमच्या काट्याची मान आखडलीय का? खाली बघायलाच तयार नाही." दुकानातली सगळी माणसं हसली, आणि मी गुपचूप काटा नीट केला.

तिचा नवरा मिंगलू. उमदा, उंच, गाणारा. इथले सगळे पुरुष जातात तसा तोही परमुलखात कामाला गेला. डोंगर पोखरून बोगदे काढायचे, हातात ड्रिल धरायचं. सतरा वर्षं त्यानं दगडाची धूळ खाल्ली. परत आला तेव्हा घराच्या तीन पायऱ्या चढायला तो दोनदा थांबला. जिल्ह्याच्या हॉस्पिटलात छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी फोटो खिडकीशी धरून दाखवला, म्हणाले, फुप्फुसाचा दगड होत चाललाय, आणि होतच जाणार. यावर औषध नाही.

त्यानंतर सहा वर्षं ती बाई त्याच्या श्वासासाठी झगडली. दुसरं काही तिनं मागितलं नाही. मुलगी शाओमान दूर समुद्राकाठी बुटांच्या कारखान्यात होती, तिनं प्राणवायूचं यंत्र पाठवलं. ते घरात दिवसरात्र घरघरायचं. शेवटच्या वर्षी मिंगलूचं आडवं होणंच बंद झालं. आडवा झाला की गुदमरायचा. मग पलंगावर गुडघे टेकून बसायचा, पुढं स्टूल, स्टुलावर रजई आणि रजईवर कपाळ. तसाच जागायचा, तसाच झोपायचा. गुडघ्यांना घट्टे पडले होते. माणूस देवापुढं बसतो तसा तो चोवीस तास बसलेला, आणि देव कुठं होता ते मला ठाऊक नाही.

आता थोरलीचं सांगतो. औषधदेवाच्या देवळापुढं एक जुनं झाड आहे. दहा माणसं उभी रचावीत एवढं उंच. तिला सगळे थोरली म्हणतात. तिच्या कळ्या खुडायचा मान युनपिंगच्या सासरकडं होता. खुडायचा एक रिवाज होता, सगळ्याच झाडांना तो लागू, पण थोरलीला फार कडक: शेंड्याच्या बारा कळ्या आभाळाच्या. त्यांना हात लावायचा नाही.

मग आला महोत्सव. कुणाच्या तरी डोक्यात आलं की कळ्या विकण्यापेक्षा फुलं दाखवावीत. रस्ता झाला, कमान झाली, मार्चच्या शेवटी गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. आणि फतवा निघाला की थोरलीला कुणी हात लावायचा नाही. ती महोत्सवाची राणी. युनपिंगच्या दंडाला लाल पट्टी बांधून तिला झाडाची राखणदार केली. डोळ्यांत तेल घालून तिनं थोरली राखली. नऊ वर्षं एक कळी खुडली नाही, आणि नऊ वर्षं थोरली अशी फुलली की खालून आभाळ दिसायचं नाही.

माझंही दुकान चाललं. खोटं कशाला बोलू? शहरातल्या लोकांसाठी मी रंगीत पुड्या केल्या आणि तोंडाला येईल ते बोलू लागलो. "थोरलीच्या कळ्या आहेत बाई! नऊ वर्षं खुडलेल्या नाहीत. झाडात नऊ वर्षांचा जोर साठलाय. छाती मोकळी करतात, छाती!" बायका चार-चार पुड्या न्यायच्या. पुडीत थोरलीची एकही कळी नसायची. मागच्या उतारावरच्या साध्या कळ्या. पण बोलायला मला मजा वाटायची, आणि ऐकायला त्यांना.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारी लागला होता. युनपिंग दुकानात आली, केसांवर धुकं तसंच.

"दादा, ती नऊ वर्षांच्या जोराची पुडी द्या."

"ती तुझ्यासाठी नाही गं."

"का? माझं नाक शहरातल्या बायांसारखं नाही म्हणून?"

"अगं, त्यात थोरलीचं काही नाही. मागच्या उतारावरचा माल आहे. तूच आणून घातलेला."

तिनं ओठ मुरडले. "म्हणजे मीच खुडायच्या आणि मीच विकत घ्यायच्या. बरा धंदा आहे तुमचा." मग फळीवरची पुडी उचलून हातात फिरवत राहिली. "पण थोरली नऊ वर्षं खुडलेली नाही, हे तर खरं?"

"ते खरं."

"आणि जोर साठतो, ते?"

"ते मी गिऱ्हाइकासाठी बोलतो. जीभ आहे, चालवतो. शिनयी नाकासाठी असते, युनपिंग. मिंगलूचं फुप्फुस दगड झालंय. नाक साफ करून दगडाला काय होणार?"

"हवा नाकातूनच जाते ना दादा?"

मी तिला साधी पुडी देऊ केली, तिनं घेतली नाही. दारात वळून म्हणाली, "तुम्ही खोटं बोललात म्हणून झाड खोटं होत नाही." आणि गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती थोरलीवर चढू लागली. विचारलं तर म्हणे, वाळक्या काटक्या काढतेय, प्रवाशांच्या डोक्यात पडतील. राखणदारच ती, तिला कोण अडवणार? त्या दिवसांत दरीत धुकं असं दाटतं की देवळाच्या पायरीवरून झाडाचं खोडसुद्धा अर्धंच दिसतं. मला मात्र कळलं होतं. कळ्यांचा तो तिखट, कापरासारखा वास तिच्या कपड्यांना येत होता. मी कुणाला काही बोललो नाही. ही माझी दुसरी चूक. पहिली तर सांगितलीच.

दहा-बारा दिवसांनी भर दुपारी ती धावत दुकानात आली. मी चिमट्यानं मुळ्या निवडत होतो.

"दादा! झोपला! उताणा झोपला!"

"कोण?"

"कोण काय विचारता! आमचे हे. काढा प्यायले, म्हणाले आज छाती हलकी वाटते. आडवे झाले, सरळ, पाठीवर! मी कपात चहा ओतला होता तो थंड होईस्तोवर झोपले. आणि उठून दोन वाट्या मक्याची लापशी खाल्ली. लोणच्यासकट!"

ती रडत होती आणि हसत होती. सहा वर्षांत मी तिचे दात पाहिले नव्हते. आणि मी? मला आत कुठंतरी अभिमान वाटला हो. वाटलं, काय सांगावं, आपल्या तोंडून निघालेलं खरं असेल. चाळीस वर्षं मुळ्या-साली विकून माणसाला एवढीही अक्कल येऊ नये!

त्यानंतर ती थांबेना. आधी खालच्या फांद्या, मग मधल्या, मग वरच्या. सुरुवातीला म्हणाली होती, थोड्याच घेईन, कुणाच्या लक्षात येणार नाही. पण मिंगलू रोज म्हणायचा, बरं वाटतंय, आणि ती रोज चढायची. पुढच्या थंडीपर्यंत पुरायला हव्यात, असा तिचा हिशेब.

मार्चच्या मध्यावर धुकं उठलं. खालचे उतार गुलाबी झाले होते, आणि देवळापुढं थोरली झाडूसारखी उभी.

महोत्सवाचं काम बघणारे फूसाहेब गावातल्या चार जाणत्यांना घेऊन आले. मीही होतो, आणि मागोमाग सगळं गाव जमलं. फूसाहेब वाईट माणूस नाही, फक्त त्यांना वरून विचारणारे फार. ते झाडाभोवती दोनदा फिरले. "कीड लागली का? थंडी लागली? पाच दिवसांवर उद्घाटन आलंय, कुणीतरी बोला!"

युनपिंग पुढं झाली. "मी खुडल्या."

"किती?"

"सगळ्या."

एक म्हातारा मागून ओरडला, "शेंड्याच्या? आभाळाच्या बारा?"

"त्यासुद्धा."

तोपर्यंत लोक नुसते चकित होते. हे ऐकल्यावर मात्र चिडले. कुणी तिच्या पायापुढं थुंकलं. ती म्हणाली, "आभाळानं माझ्या घरात काय दिलं, की मी त्याचा वाटा ठेवू?" आवाज चढवला नाही. त्यावर सगळे आणखी जोरात बोलू लागले.

त्याच वेळी मी म्हणायला हवं होतं की हिच्या डोक्यात हे माझ्या जिभेनं भरलं. मी बुटाच्या नाड्या बघत राहिलो. मला दुकानाची भीती वाटली. आज सांगतानाही शरम वाटते, पण वाटली ही खरी गोष्ट.

फूसाहेबांनी माणसं पाठवून तिच्या घरातली वाळत घातलेल्या कळ्यांची दोन सुपं जप्त केली. महोत्सवाची मालमत्ता म्हणून कचेरीत कुलपात. युनपिंग त्यांच्या मागं कचेरीपर्यंत धावली. "साहेब, पट्टी काढून घ्या. गावासमोर तोंडात मारा. पण कळ्या माझ्याकडे ठेवा. आमच्या ह्यांचा काढा चुकवून चालणार नाही."

फूसाहेब कपाळ धरून बसले होते. मग त्यांनी वर बघितलं. "तुझ्याशिवाय त्या झाडाच्या शेंड्याला कोण पोचतं?"

"कुणी नाही."

"मग ऐक. कापडी फुलं मागवतो. चार हजार. बांध वर. खालपासून शेंड्यापर्यंत. उद्घाटनाची हाक तूच दे, दरवर्षीसारखी. ती झाली की त्याच पावली कचेरीत ये आणि तुझी सुपं घेऊन जा."

"आत्ता अर्धी द्या."

"आत्ता दिली तर तू वर चढशील?"

"चढेन."

"मला तुझ्यावर विश्वास राहिलेला नाही, युनपिंग," ते म्हणाले. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जागी कुणाचाच राहिला नसता.

मी संध्याकाळ व्हायच्या आत तिच्या घरी गेलो, मागच्या उतारावरच्या कळ्यांची पिशवी घेऊन. म्हटलं, तोवर या उकळ. ती म्हणाली, "या थोरलीच्या नाहीत." मी म्हटलं, कळी ती कळी. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या नवऱ्याला गवत चारायला सांगतोय. "तुम्हीच सांगितलं होतं ना दादा, जोर कुठं साठतो ते?"

दुसऱ्या दिवशी बसच्या टपावरून तीन पोती आली. भडक गुलाबी, प्रत्येक फुलाला तार, आणि सगळ्यांना रबराचा वास. वीजमंडळाची दोन तरणी पोरं मदतीला चढली, मध्यावर गेली आणि खाली येऊन देवळाच्या पायरीवर डोकं धरून बसली. मग ती एकटीच. उजाडलं की चढायची, अंधारून आलं की उतरायची. बावन्न वर्षांची बाई. तारेनं बोटं चिरली होती, त्यावर चिंध्या गुंडाळलेल्या. गावातल्या बायका खालून जाता-येता म्हणायच्या, "खुडताना हात नाही दुखले, आता बरे दुखतात!" ती ऐकायची आणि पुढचं फूल बांधायची.

तिच्या पाठीमागं मिंगलूजवळ मी बसायचो. दुकान बंद ठेवून. कुणी मला सांगितलं नव्हतं. घरी बसवत नव्हतं म्हणून जायचो. तो गुडघ्यावर, कपाळ स्टुलावर, यंत्र घरघरतंय. चुलीवर धुरी दिलेलं मांस टांगलेलं, त्याला दोन महिने कुणी हात लावला नव्हता. तो तीन-चार शब्द बोलायचा आणि मग श्वास गोळा करायचा.

तिसऱ्या दिवशी म्हणाला, "दादा. एक सांगू?"

"बोलू नकोस. दमशील."

"त्या काढ्यानं... काही झालं नाही."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "अरे, तू आडवा झालास की! दोन वाट्या लापशी खाल्लीस!"

"झालो आडवा." तो थांबला. मग हसल्यासारखं केलं. "छातीवर म्हैस बसली होती. मनात आकडे मोजत होतो. बोगद्यात सुरुंग पेटवून... मोजायचो तसे. दोनशेपर्यंत गेलो. लापशी नंतर... मागच्या दारी जाऊन ओकलो."

"मग कशाला केलंस हे, गाढवा?"

"ती हसली, दादा. तुम्ही बघितलंत ना? सहा वर्षांनी हसली. मग दुसऱ्या दिवशी... पुन्हा हसावी असं वाटलं."

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, ती तिथं जीव टांगणीला लावून चिंध्या बांधतेय, सगळं गाव तिच्या तोंडावर थुंकतंय, आणि हे सगळं तुझ्या नाटकापायी! तिला आत्ताच्या आत्ता सांग. नाहीतर मी सांगतो.

त्यानं माझी बाही धरली. त्या हातात काही ताकद नव्हती, मी सहज सोडवून घेतली असती. "सांगितलं तर... तिच्याजवळ काय उरतं? मी तर उरणार नाहीच. सांगू नका. माझ्या गळ्याची शपथ."

त्याच्या गळ्याकडे बघून मी शपथ घेतली. गळ्याची हाडं श्वासागणिक आत जात होती.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी ती निघाली तेव्हा मी दारातच होतो. मिंगलूचे ओठ निळसर झाले होते. तिनं यंत्राची नळी नीट केली, त्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं आणि म्हणाली, "दुपारपर्यंत कळ काढा. सुपं घेऊनच येते. आल्या आल्या चूल पेटवते." तो म्हणाला, "सावकाश... ये." मला म्हणाली, "दादा, फडकं उकळून ठेवा. लव घशात गेली तर खोकला येईल." कळ्या फडक्यात बांधून उकळतात ना, त्यासाठी.

लाउडस्पीकर डोंगरभर लावले होते, त्यामुळे घरात बसून सगळं ऐकू येत होतं. बँड वाजला. शाळेच्या मुलांनी नाच केला. फूसाहेबांनी भाषण केलं, निसर्गाचं देणं वगैरे. वाटेनं मागं राहिलेल्या दोन शहरी बायका चालल्या होत्या, त्यातली एक म्हणत होती, "काय रंग आहे बघ! लांबूनसुद्धा कसा उठून दिसतो. आपल्याकडची फुलं अगदीच फिकी."

मग तिचा आवाज आला. झाडाच्या शेंड्यावर तिच्या गळ्यात माइक बांधलेला असतो. दरवर्षी तीच हाक: "फुललं का?" आणि खालून हजार माणसं ओरडतात, "फुललं!" तीनदा.

पहिल्या हाकेला मिंगलूनं कपाळ वर उचललं. दुसऱ्या हाकेला त्याचे ओठ हलले, खालच्या माणसांबरोबर उत्तर द्यावं तसे. मग त्यानं पुन्हा कपाळ रजईवर टेकलं. तिसरी हाक झाली, टाळ्या झाल्या, फटाके वाजले. मला वाटलं, दमला, विसावलाय. यंत्र घरघरतच होतं, त्यामुळे कळलंच नाही. बऱ्याच वेळानं मी खांद्याला हात लावला तेव्हा तो बाजूला कलला आणि पलंगावर आडवा झाला.

मी नळी काढली. यंत्र बंद केलं. चुलीवर फडकं उकळत होतं, ते उतरवलं. मग बाहेर वाटेवर जाऊन उभा राहिलो, कारण तिनं घरात शिरून पाहण्याआधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

ती वळणावर दिसली. एकावर एक दोन सुपं, वरून कमरेचं फडकं टाकलेलं, आणि पाय असे उचलत होती की जणू वीस वर्षांची आहे. लांबूनच ओरडली, "मिळाल्या दादा! एक कळी कमी नाही! कुलूप उघडताना साहेबांची मान खाली होती. बिचारे, त्यांचाही नाइलाजच की! चला, चला, पाणी उकळलंय ना?"

मी वाट अडवून उभा राहिलो.

"तुम्ही इथं काय करताय? त्यांच्याजवळ कोण आहे?"

माझं तोंड उघडेना. ज्या तोंडानं एवढ्या पुड्या विकल्या ते नेमकं तेव्हा उघडेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग सुपं खाली ठेवली, अगदी अलगद, एकही कळी सांडणार नाही अशी. आणि धावली.

शाओमान दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशी आम्ही मिंगलूला मागच्या उतारावर पुरलं. महोत्सव चालूच होता; खाली बँड वाजत होता आणि आम्ही वर माती लोटत होतो. फूसाहेब सुतकाची पांढरी पट्टी बांधून आले, कोपऱ्यात उभे राहिले आणि न जेवता गेले.

लोक पांगल्यावर युनपिंग अंगणात वाट्या घासत बसली. मी बाजूला ओट्यावर. ती मान वर न करता म्हणाली, "जोंगदादा, तुम्ही रोज त्यांच्याजवळ होतात. एक खरं सांगा. काढ्यानं त्यांना आराम पडला होता ना?"

माझ्या डोळ्यांपुढं त्याचा गळा आला. शपथही आठवली, आणि तिचं ते दुकानात हसत रडणंही. वाटलं, चाळीस वर्षं खोटं बोललो ते विकायला. आज एकदा दयेनं बोलावं. एवढं तरी तिच्याजवळ उरू दे.

"हो," मी म्हणालो. "पडला होता. स्वतः म्हणाला मला."

तिनं हातातली वाटी पालथी घातली. दुसरी घेतली. मग बोटं मोजू लागली, चिरलेली बोटं, एकेक करून.

"पाच दिवस," ती म्हणाली. "पाच दिवस काढा दिला नाही मी. बरे होत चाललेला माणूस. मी झाडावर बसून चिंध्या बांधत होते आणि इकडे त्यांचा काढा बंद. मीच मारलं की हो त्यांना, दादा."

सांगू काय? की तो कधी बराच होत नव्हता? की तुझ्या हसण्यासाठी छातीवर म्हैस घेऊन त्यानं दोनशे आकडे मोजले, आणि त्या नाटकाच्या भरवशावर तू आभाळाच्या बारा कळ्यासुद्धा खुडल्यास? कुठल्याही बाजूनं बोललो असतो तरी सुरी तिच्यावरच चालणार होती. मी बसून राहिलो. ती वाट्या घासत राहिली.

युनपिंग आता माझ्या दुकानात माल आणत नाही. थोरलीवर दुसरा राखणदार आहे, आणि थोरली पुन्हा फुलते. स्वतःच्या वाट्याच्या सात झाडांच्या कळ्या ती खुडते, वाळवते आणि करंडीत घालून वरच्या वाडीवर जाते. तिथं तीन घरांत तीन पुरुष तसेच गुडघ्यावर बसलेले आहेत. तेही मिंगलूबरोबर बोगद्यात होते. त्यांच्या बायकांना ती कळ्या वाटून देते. काही मागत नाही.

या वर्षी करंडी जड होती म्हणून मी तिच्याबरोबर गेलो. पहिल्याच घरात तिनं त्या बाईला फडकं कसं बांधायचं, पाणी किती आटवायचं, सगळं दाखवलं. मग तिचे दोन्ही खांदे धरून म्हणाली, "एक दिवस चुकवू नकोस गं. काही होवो. कुणी काही सांगो. मी पाच दिवस चुकवले."

ती बाई रडत मान हलवत होती. तिनं वाटी भरली आणि नवऱ्याच्या तोंडाला लावली. त्यानं थांबत थांबत सगळी संपवली. मग बायकोच्या तोंडाकडे बघितलं, जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आज छाती हलकी वाटते."

मी करंडी उचलली आणि बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो.